न कोरलेले आकाश

गेल्या गणपतीत माझा भाचा ओसाकाहून घरी आला, तेव्हा त्याने टोकियोतल्या असाकुसा भागातून माझ्यासाठी पोस्टकार्डापेक्षा थोडे मोठे असे एक मुद्राचित्र आणले. तळ्याकाठची पाइनची झाडे, मागे काळसर डोंगर आणि वर संध्याकाळचे आकाश, एवढाच विषय. चित्र आजच्या काळातले, पण लाकडी ठशांवरून हाताने छापलेले. आरतीची गडबड आटोपल्यावर मी ते खिडकीपाशी नेले आणि भिंगातून पाहू लागले. झाडांच्या फांद्या, पाण्यावरच्या रेघा, डोंगराची कड, सगळीकडे पटाशीचे काम दिसत होते. आकाशात मात्र वरच्या कडेचा गर्द निळा रंग खाली येता येता विरत जाऊन क्षितिजापाशी फिकट नारिंगी झाला होता आणि त्या सबंध पट्ट्यात हत्याराची एकही खूण नव्हती. बावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवताना ‘वुडकट म्हणजे कोरणे’ असेच मी मुलांना सांगत आले आहे, आणि या चित्रातला सर्वांत सुंदर भाग तर कोरलेलाच नव्हता.

जपानी पद्धतीत आकाशाचा ठसा म्हणजे बहुधा नुसती सपाट, गुळगुळीत राखलेली फळी असते. डोंगराच्या किंवा छपराच्या कडेपर्यंत लाकूड तसेच ठेवायचे आणि बाकीचे खरवडून काढायचे, एवढेच कोरणाऱ्याचे काम. त्या सपाट जागेवर काय उमटणार हे छापणारा ठरवतो. तो फळी ओल्या फडक्याने पुसून घेतो, वरच्या कडेला पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाच्या पिठाची थोडी खळ घालतो आणि रुंद कुंचला आडवा फिरवत रंग खाली ओढत नेतो. ओल्या लाकडावर रंग पसरत पसरत नाहीसा होतो. मग दमट केलेला कागद त्यावर ठेवून पाठीमागून ‘बारेन’ने, म्हणजे बांबूच्या कोंबावरच्या वाळलेल्या आवरणात गुंडाळलेल्या चपट्या गोल गादीने, घासायचे. रंग असा विरवण्याला ‘बोकाशी’ म्हणतात. वरच्या कडेला सरळ आडवी गडद पट्टी ठेवून ती खाली विरवली, की तिला ‘इचिमोन्जी बोकाशी’ असे नाव आहे, कारण जपानी लिपीत ‘एक’ हा आकडा एका आडव्या रेघेने लिहितात. ही पट्टी प्रत्येक कागदासाठी नव्याने रंगवावी लागते, म्हणजे दोनशे प्रती काढायच्या तर दोनशे वेळा आकाश घडवायचे. शिवाय रंगाला खोली यावी म्हणून तेच आकाश एकाच कागदावर दोनदा, तीनदा छापतात. दर वेळी कागद केसभरही सरकू नये यासाठी फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी आणि कडेला सरळ अशा दोन खाचा कोरलेल्या असतात. त्यांना ‘केन्तो’ म्हणतात. इतकी साधी युक्ती इतक्या शतकांत कोणाला बदलावीशी वाटली नाही, यातच तिची किंमत कळते.

जुन्या काळी हे काम चौघांत वाटलेले असे: पैसे लावणारा प्रकाशक, चित्र काढणारा, कोरणारा आणि छापणारा. चित्रावर सही चित्रकाराची. होकुसाई (१७६०–१८४९) आणि हिरोशिगे (१७९७–१८५८) यांची नावे जगाला ठाऊक झाली, पण त्यांची आकाशे ज्यांच्या हातांनी विरवली त्या छापणाऱ्यांची नावे बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नाहीत. हिरोशिगेच्या १८५७ सालच्या, पुलावर अचानक आलेल्या पावसाच्या प्रसिद्ध चित्रात वरच्या काळ्या ढगाची विरवण निरनिराळ्या प्रतींत निरनिराळी आढळते. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तैलरंगांत या चित्राची नक्कल केली. त्या पावसाच्या रेघा कोरलेल्या आहेत आणि कोरणाऱ्याचे त्यात मोठे कसब आहे, हे खरे; पण पाऊस कोसळण्याआधीचा अंधार येतो तो पुसट काळ्या पट्टीतून.

निळ्या रंगाविषयी थोडे विषयांतर करते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन निळा १८३० च्या सुमारास जपानी छपाईत सर्रास वापरात आला आणि होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेतली आकाशे त्यावरच उभी राहिली. त्याआधी नीळ होती, आणि त्याशिवाय एका रानफुलाच्या पाकळ्यांतून काढलेला, पाण्याने आणि उजेडाने लवकर उडून जाणारा निळा रंग होता. ते रानफूल आपल्या केन्याच्या कुळातले. पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या केन्याची भाजी मी लहानपणापासून खाल्ली आहे, पण त्याच्या फुलाच्या भाऊबंदांनी कोणे एके काळी आकाश रंगवले असेल, हे कधी मनातही आले नव्हते.

विसाव्या शतकात वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने ही जुनी व्यवस्था नव्या चित्रकारांसाठी पुन्हा उभी केली. त्यांतला कावासे हासुई (१८८३–१९५७) मला विशेष प्रिय आहे, कारण त्याच्या चित्रांत माणूस असलाच तर छत्रीखाली पाठमोरा असतो आणि बाकी सगळे काम बर्फ, पाऊस आणि तिन्हीसांजा करतात. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे ठसे आणि हासुईच्या रेखाटनांच्या वह्या जळून गेल्या. त्यानंतर हासुई पुन्हा प्रवासाला निघाला आणि त्याने नव्याने वह्या भरल्या. त्याच्याच काळातल्या योशिदा हिरोशीने (१८७६–१९५०) मात्र प्रकाशकाला बाजूला सारून स्वतःची कार्यशाळा काढली आणि कोरणाऱ्या-छापणाऱ्यांवर स्वतः देखरेख ठेवली. १९२६ मधली त्याची शिडाच्या होड्यांची मालिका या विषयावरचे माझे पाठ्यपुस्तकच आहे. त्याच ठशांवरून केवळ रंग आणि विरवण बदलून त्याने पहाट, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र छापली. होड्या जागच्या जागी आहेत, बदलले आहे ते आकाश, आणि तेवढ्याने सगळे चित्र बदलले आहे.

हाच योशिदा १९३०-३१ च्या हिवाळ्यात भारतात आला होता आणि त्या प्रवासावरून त्याने ताजमहाल, वाराणसीचे घाट आणि कांचनगंगा छापले. त्या हिवाळ्यात आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान हयात होते; १९३१ च्या अखेरीस ते गेले. शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या या चित्रकाराने रंकाळा आणि त्याच्या आसपासचा परिसर किती वेळा आणि किती निरनिराळ्या उजेडांत रंगवला, हे येथल्या कोणाही चित्रकाराला सांगावे लागत नाही. अशा योगायोगांना इतिहासात काही किंमत नसते, पण योशिदाच्या छापणाऱ्यापुढे आबालालांचा रंकाळा ठेवला असता तर काय झाले असते, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

आज हे काम करणारे लोक केवळ जपानी नाहीत. १९८६ मध्ये जपानला गेलेला डेव्हिड बुल आधी जुन्या ठशांच्या नकला करत शिकला. शंभर कवींच्या चित्रांची एकच मालिका त्याने १९८९ ते १९९८ अशी दहा वर्षे कोरली आणि छापली, आणि नंतर रान, नदी आणि समुद्रकिनारा यांवर स्वतःची चित्रे केली. स्कॉटलंडचा पॉल बिनी चित्र काढणे, कोरणे आणि छापणे ही तिन्ही कामे स्वतःच करतो, आणि योशिदाच्या प्रवासांना वंदन म्हणून त्याने एक मालिकाही केली आहे. कॅलिफोर्नियातल्या टॉम किलियनने आपल्या घराजवळच्या टॅमलपाइस डोंगराची २८ दृश्ये १९७५ मध्येच छापली. तो लिनोलियम, तेलाची शाई आणि छापयंत्र वापरतो, म्हणून काटेकोर अर्थाने त्याची रीत जपानी नव्हे. २०११ मध्ये क्योटो आणि आवाजी येथे या माध्यमाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, यावरून ते किती दूरवर पोचले आहे याची कल्पना येईल.

माझे मत विचाराल, तर रीतीने सोवळा नसलेला किलियनच मला या परंपरेच्या अधिक जवळचा वाटतो. हल्लीच्या पुष्कळ ‘जपानी शैलीच्या’ चित्रांत फुजी, लाल कमान आणि चेरीचा बहर वाण्याच्या दुकानातल्या पुड्यांसारखे तयार येतात आणि आकाशही त्याच पुडीतले असते: वर निळे, खाली गुलाबी, मध्ये पांढरे. विरवण निर्दोष असते, पण ती कोणत्या गावची, कोणत्या महिन्यातली, हे काही कळत नाही. किलियनने आपल्या घरामागचा डोंगर घेतला आणि त्यावर उतरणारे समुद्राचे धुके घेतले. होकुसाईनेही अखेर आपल्या दारातून दिसणाराच डोंगर घेतला होता.

अलीकडे शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत चौकटीत बसवलेली अशी चित्रे मिळतात आणि त्यांतली बहुतेक संगणकाच्या छपाईची असतात. ज्यांना विकत घ्यायचे असेल त्यांनी शक्य असल्यास चौकट उघडून कागदाची पाठ पाहावी. हाताने छापलेल्या चित्रात पाण्याचा रंग कागदाच्या तंतूंत मुरतो, म्हणून पाठीमागेही आकाश पुसट दिसते आणि तिरक्या उजेडात बारेन घासल्याच्या खुणा ओळखू येतात. भाच्याने आणलेल्या चित्राची पाठ मी दोन-चारदा नव्हे, पुष्कळदा पाहिली आहे. कधी कधी ती मला पुढच्या बाजूपेक्षा जास्त आवडते.

आता माझ्या उद्योगाविषयी. मार्चमध्ये परीक्षांचे काम हलके झाल्यावर मी सागवानाची एक फळी आणली आणि पन्हाळ्याच्या बाजूचे आकाश छापायचे ठरवले. जपानमध्ये यासाठी रानटी चेरीचे घट्ट, बारीक दाण्याचे लाकूड वापरतात. सागवानाच्या रेषा इतक्या उघड्या, की माझे आकाश नांगरलेल्या शेतासारखे उमटले. होकुसाईच्या काही चित्रांत लाकडाचे रेषे आकाशात मुद्दाम दिसू दिलेले आहेत, असे सांगून मी दोन दिवस स्वतःचे समाधान करून घेतले, पण ते टिकले नाही. शेवटी आमच्या सुतारमामांनी “बाई, शिवण न्या, हाताला मऊ आणि वाकतबिकत नाही,” असे सांगून शिवणीची फळी रंधून दिली आणि पहिला प्रश्न सुटला.

खळीचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. मी केलेली खळ गुठळ्यांची झाली होती. त्यांनी ती बघितली आणि म्हणाल्या, “लुगड्याला घालायची आहे का गं ही? पीठ आधी गार पाण्यात कालव, मग चढव.” कागदासाठी मला नेपाळी हातकागद मिळाला. त्यावर पातळ सरस आणि तुरटीचे पाणी फिरवून वाळवले, की रंग फुटत नाही. जपानी कारागीरही आपल्या कागदाला सरस-तुरटीच लावतात, हे वाचल्यावर घरातल्या सामानाविषयी माझा आदर वाढला. बारेन मात्र मला साधला नाही. पुठ्ठ्याच्या चकतीवर दोरी गुंडाळून, वर सुती कापड ताणून केलेल्या गादीवरच अजून माझे चालले आहे.

एवढे सगळे जमूनही एप्रिल आणि मे महिन्यांत एकही आकाश धड उमटले नाही. कुंचला फिरवून कागद उचलेपर्यंत फळी सुकायची, आणि विरवणीच्या जागी कोरडी कड पडून आकाशाचे दोन तुकडे व्हायचे. पहाटे पाचला उठून पाहिले, ओला पडदा लावून पाहिला. दोष माझ्या हाताचा आहे अशी माझी खात्री होत चालली होती. मग जूनमध्ये पाऊस लागला आणि त्याच फळीवर, त्याच हाताने, पहिल्याच सकाळी रंग पाहिजे तसा विरला. कपडे चार-चार दिवस न वाळणारी आमची पावसाळी हवा या छपाईला किती मानवते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर उन्हाळ्यातले चाळीस कागद वाचले असते. अर्थात त्या हवेने आपली किंमतही वसूल केली. दमट करून ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर तिसऱ्या दिवशी बुरशीचे ठिपके आले. आता काम अर्धवट राहिले, की गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी जातो, आणि त्यावरून घरात जे बोलणे होते ते येथे लिहीत नाही.

आणखी एक अडचण आली आणि ती अजून सुटलेली नाही. पुस्तकी इचिमोन्जी विरवण वरून गडद आणि खाली फिकट असते. आषाढातले आमचे आकाश नेमके उलटे असते. रंकाळ्याच्या काठावर उभे राहून पश्चिमेला पाहिले, तर डोक्यावर एकसारखा राखाडी उजेड असतो, आणि काळोख साठलेला असतो तो खाली, जेथे डोंगर असायला हवेत तेथे. सर जवळ आली की डोंगराची कड आधी पुसट होते, मग नाहीशी होते. हिरोशिगेसारख्या रेघा कोरून हा पाऊस दाखवता येत नाही, कारण लांबून तो रेघांचा दिसतच नाही, पडद्यासारखा दिसतो. म्हणून मी आकाश आणि डोंगर यांना वेगवेगळे ठसे न ठेवता एकाच सपाट फळीवर दोन्ही छापायचे ठरवले: खालून वर विरवलेला काजळी करडा रंग, त्यात नखभर निळा, आणि कड कोठेच नाही. कोरलेले आहे ते फक्त रंकाळ्यातल्या संध्यामठाचे छप्पर आणि त्याखालचे पाणी.

तीस कागदांपैकी नऊ बरे निघाले. त्यांतल्या दोनांत पाऊस पोचलेला आहे, चारांत तो फुलेवाडीच्या अलीकडे आला आहे असे वाटते, आणि उरलेल्या तिनांत तो बहुधा वळून दुसरीकडे गेला. भाच्याला फोटो पाठवले, तेव्हा त्याने विचारले, की ही तीन निरनिराळी चित्रे आहेत का. फळी सध्या पुन्हा सुतारमामांकडे आहे. संध्यामठाच्या छपराची डावी बाजू माझ्याकडून जास्त खोल गेली, ती रंधून नव्याने कोरायची आहे, आणि श्रावणातले ऊन-पाऊस सुरू होण्याआधी ते व्हायला हवे.