पैसे गेले, स्लिप आलीच नाही

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या मोबाइलच्या दुकानाबाहेर नव्या फोनसाठी सकाळी साडेसातलाच रांग लागली होती. शटर नऊला उघडलं आणि पहिलं बिल निघालं पावणेअकराला. डबे काउंटरवर समोर दिसत होते, पण माल रात्री उशिरा आलेला. एकेका डब्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, स्कॅन करून स्टॉकमध्ये चढवल्याशिवाय सॉफ्टवेअर बिलच काढू देत नाही. टोकन देणाऱ्या मुलावर ओरडून काही उपयोग नसतो.

खरा घोळ पैसे भरताना होतो. यूपीआयची नेहमीची मर्यादा दिवसाला 1 लाख रुपये, डेबिट कार्डाची बऱ्याचदा त्याहून कमी. कार्डाची मर्यादा बँकेच्या ॲपमधून आदल्या रात्रीच वाढवून ठेवावी. 'नो कॉस्ट ईएमआय'लाही भुलू नये. व्याजाइतकी सूट आधी मिळते, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आपल्याच माथी. व्याज 4,000 असेल तर 720 रुपये गेले, वर प्रोसेसिंग फी वेगळी.

बँकेच्या सवलतीसाठी स्वाइप मशीनमध्ये डब्याचा आयएमईआय टाकावा लागतो. माझ्या वेळी पिन टाकल्यावर मशीन 'प्रोसेसिंग'वरच अडकलं. स्लिप आली नाही, खिशात मात्र पैसे वजा झाल्याचा मेसेज वाजला. "सर, परत एकदा स्वाइप करू का?" असं अशा वेळी हमखास विचारतात. नाही म्हणायचं. आधी मशीनवर त्या व्यवहाराची स्थिती काढायला लावायची. तो यशस्वी दिसला तर दुसऱ्यांदा पैसे भरायचा प्रश्नच येत नाही; बिल घ्यायचं, किंवा रद्द करायचा असेल तर त्याच दिवशी, मशीनचा दिवसाचा हिशोब बँकेकडे जायच्या (सेटलमेंटच्या) आत 'व्हॉइड' करून घ्यायचा. माझा 'फेल' दिसत होता, म्हणजे पैसे दुकानापर्यंत पोचलेच नव्हते. मशीनचा टीआयडी (ओळख क्रमांक), वेळ आणि रक्कम लिहून 'पैसे मिळाले नाहीत' असं दुकानाच्या शिक्क्यानिशी घेतलं. बँकेकडून 12 आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) मिळवला, तक्रार त्याच नंबरावर चालते. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. माझी चौथ्या दिवशी आली.

त्या दिवशी मग पैसे भरायला क्रेडिट कार्ड पुढे केलं, तर मशीन म्हणे हा आयएमईआय आधीच वापरलाय. फसलेल्या व्यवहारात तो अडकून पडला होता. शेवटी त्याच रंगाचा दुसरा डबा काढावा लागला.

जुना फोन एक्स्चेंजला देणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: नव्या फोनवर सिम चालू होऊन बँकेचं आणि यूपीआयचं ॲप उघडेपर्यंत जुना हातातून सोडू नका. नोंदणीचा मेसेज सिमवरून जातो आणि सिम बदललं असेल तर 24 तास मेसेज बंद असतात. गूगल खातं काढायचं, मगच रीसेट. उलट केलंत तर फोन जुना पासवर्ड मागत बसू शकतो. दुकानाचं वायफाय त्या गर्दीत विसराच.

निघण्याआधी *#06# दाबून येणारा आकडा डब्याशी आणि बिलाशी ताडून पाहायचा, 15च्या 15 अंक. माझ्या बिलावर पहिल्या डब्याचा आयएमईआय होता. वॉरंटी आणि विमा बिलावरच्या नंबराला लागतात, त्यामुळे ते बिल रद्द करून नवं काढायला पुन्हा त्याच रांगेत चाळीस मिनिटं.