तुम्ही विचारलंत म्हणून : बाहेरचे जेवण स्वस्तात कसे पडेल?

पुण्यात शिकायला आलेली आणि सदाशिव पेठेत किंवा कर्वेनगरात तिघे-चौघे मिळून फ्लॅट घेऊन राहणारी मुले-मुली मला वरचेवर विचारतात, की ॲपवरून जेवण मागवण्यात घरून आलेले पैसे विसाव्या तारखेलाच संपतात, तर कोणते कूपन लावावे? कूपनाच्या शोधात मी तरी कोणाला वेळ घालवू देणार नाही. आपण नेमके काय मागवतो, यावर बिल जितके हलते, तितके ते सवलतीने हलत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, कोपऱ्यावरच्या हॉटेलात पनीरची भाजी २०० रुपये, चार रोट्या १०० आणि जिरा राइस १४०, असे ४४० रुपये होतात. हॉटेलाला प्रत्येक ऑर्डरमागे ॲपला कमिशन द्यावे लागत असल्याने तेच पदार्थ ॲपवर बहुधा चढ्या भावाने दिसतात. ते ५२० धरू. पाचशेच्या वर शंभर रुपयांची सूट मिळाली, की आपण खूश होतो. पण पॅकिंग, घरपोच आणण्याचा आकार, प्लॅटफॉर्म फी (ॲप वापरल्याबद्दलचा आकार) आणि कर जमेस धरल्यावर रक्कम पुन्हा पाचशेच्या पुढे जाते. म्हणजे शंभर रुपये ‘वाचवून’ आपण काउंटरपेक्षा सत्तर-ऐंशी रुपये जास्तच दिलेले असतात. त्यातही बिल ४७० वर अडले, तर सूट मिळावी म्हणून गुलाबजाम घेतले जातात, ते वेगळेच.

प्लॅटफॉर्म फी हा प्रकार आपल्याकडे २०२३ मध्ये स्विगी आणि झोमॅटो यांनी ऑर्डरमागे दोन रुपयांपासून सुरू केला आणि दोन-अडीच वर्षांत तो दोन आकड्यांत गेला. कराची गोष्ट याहून कमी जणांना ठाऊक असते. लहान खाणावळ जीएसटीच्या नोंदणीत नसेल किंवा लहान व्यावसायिकांसाठीच्या, उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या कंपोझिशन योजनेत असेल, तर ती काउंटरवर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊ शकत नाही. मात्र १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून गेलेल्या जेवणावरचा पाच टक्के कर ॲपनेच भरायचा असल्यामुळे त्याच खाणावळीच्या त्याच थाळीवर तो आपल्या बिलात येतो. म्हणून ठिकाण पायी जाण्याजोगे असेल, तर फोन करून ऑर्डर द्यावी आणि जाऊन पार्सल घ्यावे. फोन नंबर बहुतेक वेळा जुन्या पार्सलच्या बिलावर किंवा पिशवीवरच छापलेला असतो, आणि जवळपास घरपोच देणारा स्वतःचा माणूस पुष्कळ हॉटेलांकडे आजही असतो.

आता मुख्य मुद्दा. वरच्या बिलात निम्म्याहून अधिक पैसे रोट्या आणि भात यांचे आहेत, आणि नेमके हेच दोन पदार्थ बाहेरून मागवण्यात शहाणपण नाही. तंदुरी रोटी अर्ध्या तासात चामट होते. भाताला कुकरच्या तीन शिट्ट्या पुरतात आणि वाटीभर तांदळाला दहा-पंधरा रुपयांपेक्षा अधिक पडत नाहीत. पोळ्या करता येत नसतील, तर पुण्यात जवळजवळ प्रत्येक वस्तीत पोळी-भाजी केंद्र आहे. तिथून नुसत्या पोळ्या घ्याव्यात आणि हॉटेलातून फक्त भाजी आणावी. एवढ्याने तेच जेवण पावणेतीनशेच्या आत बसते. हॉटेलची एक भाजी दोघांना सहज पुरते. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी घालून वाढवता येतो, आणि तो आदल्या रात्रीपेक्षा चांगला लागतो असे माझे प्रामाणिक मत आहे. पावभाजीलाही हाच न्याय लावावा : भाजी मागवावी, लादी बेकरीतून आणावी आणि पाव घरच्या तव्यावर, आपल्याला हवे तितके लोणी लावून भाजावेत. डोसा मात्र पार्सल मागवूच नये. वाफेने मऊ पडलेल्या डोशाला पूर्ण दाम मोजणे मला पटत नाही.

ॲपवरूनच मागवायचे असेल, तर घरपोच आकार आणि प्लॅटफॉर्म फी ऑर्डरमागे लागते, माणसामागे नव्हे, हे लक्षात ठेवून फ्लॅटमधल्या सर्वांनी मिळून एकाच हॉटेलातून एकच ऑर्डर द्यावी. घरपोच आकार माफ होण्यासाठी ॲपची महिन्याची सभासदवर्गणी भरण्याआधी तिच्यातली किमान रकमेची अट वाचावी. एकट्याचे जेवण त्या रकमेपर्यंत पोहोचत नसेल, तर वर्गणी फुकट जाते.

ज्यांच्या वसतिगृहात कुकर किंवा शेगडी चालत नाही, त्यांना मेस लावण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी खाडे कसे धरतात, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कसे वजा करतात, हे विचारून घ्यावे. काही मेसवाले आदल्या रात्री कळवले तरच खाडा धरतात, काही सलग दोन-तीन दिवसांखाली धरतच नाहीत. खाडा धरला गेला नाही, तर ॲपवरून मागवलेल्या प्रत्येक जेवणाच्या दिवशी आपण दोन जेवणांचे पैसे देत असतो. शिवाय रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे मेजवानीचे जेवण, आणि संध्याकाळी मेस बंद, हा पुण्याचा जुना रिवाज असल्याने महिन्यात चार-पाच रात्री तरी बाहेरचे जेवण ठरलेलेच असते. त्या रात्रींसाठी पैसे वेगळे काढून ठेवावेत आणि काय खायचे ते दुपारी, पोट भरलेले असतानाच ठरवावे.