सात हँडस्टॉपची ऑर्डर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत गेली १९ वर्षे माझे छोटे मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक सीएनसी लेथ, सपाट पृष्ठभाग घासणारे एक जुने सरफेस ग्राइंडर आणि आम्ही सहा माणसे एवढाच पसारा. आमचे बहुतेक काम वाहन उद्योगाचे, म्हणजे पाचशे-हजार नगांच्या बॅचचे असते. अशा बॅचमध्ये पहिले पाच-सहा तुकडे सेटिंगमध्ये वाया गेले तरी कोणी मनावर घेत नाही. सात नगांच्या ऑर्डरला मात्र सेटिंगचा तुकडा नसतो, कारण तिथे पहिलाच तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात जायचा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये घेतलेल्या अशाच एका ऑर्डरच्या शेवटच्या दोन दिवसांविषयी हे लिहीत आहे.

शहरातल्या एका नेमबाजी प्रशिक्षकांनी एक पुठ्ठ्याचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. त्यात एक झिजलेला हँडस्टॉप होता. पॉइंट टू टू बोअरच्या बोल्ट-ॲक्शन टार्गेट रायफलीला पुढच्या बाजूला खालून ॲल्युमिनियमची रेल असते आणि त्या रेलच्या खाचेत हा ठोकळा पुढेमागे सरकवून घट्ट करतात. पालथे पडून नेम धरताना डावा हात त्याला टेकतो आणि दंडावरून आलेला पट्टाही त्यालाच अडकतो. "स्वप्निल कुसाळेंच्या पदकानंतर आमच्याकडे मुले वाढली आहेत, पण रायफली जुन्याच आहेत आणि बाहेरून मागवलेला हँडस्टॉप प्रत्येकीला बसतोच असे नाही," असे सर म्हणाले. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला आपल्या कोल्हापूरच्या कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले होते, आणि ती अंतिम फेरी आम्ही शॉपमध्ये काम थांबवून मोबाइलवर पाहिली होती. त्यामुळे या कामाला मी नाही म्हणणे शक्यच नव्हते.

डब्यात आणखी एक गोष्ट होती आणि तिला मात्र मला नाही म्हणावे लागले. तो एका जुन्या रायफलीच्या बोल्टमधला मोडलेला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर ओढणारा आकडा, होता. "एवढासा तुकडा आहे, वायरकटवर निघेल," असे सरांनी सुचवले, आणि तो निघाला असता हेही खरे. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात, आणि विनापरवाना उत्पादन किंवा दुरुस्ती केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बोल्ट हा गोळी उडताना दाब धरून ठेवणारा, नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरचा भाग आहे. त्याचे पोलाद, त्याचे हीट ट्रीटमेंट आणि त्याची चाचणी यांची जबाबदारी घेण्याची माझी पात्रता नाही. तो तुकडा मी कागदात गुंडाळून परत दिला आणि परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्यांकडे नेण्यास सांगितले. सर क्षणभर नाराज झाले, पण त्यांनी ते मान्य केले. हँडस्टॉपचे कामही मी वकिलांना विचारून, ऑर्डर लेखी घेऊन आणि रायफली शॉपमध्ये न आणण्याच्या अटीवरच स्वीकारले.

मापे घ्यायला म्हणूनच मी स्वतः रेंजवर गेलो. सात रायफली वेगवेगळ्या वयाच्या होत्या आणि वापराने त्यांच्या रेलची तोंडे सारखी राहिली नव्हती. सर्वांत अरुंद आणि सर्वांत रुंद खाचेत ०.१२ मिलिमीटरचा फरक मिळाला. व्हर्नियरवर विश्वास न ठेवता स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीच्या पट्ट्या, घालून प्रत्येक खाच तीन ठिकाणी मोजली. एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे एका पालकांनी विचारले तेव्हा तिथेच कागदावर हिशेब मांडला. सुमारे एक मीटर लांबीच्या रायफलीचे एक टोक ०.१ मिलिमीटर हलले, तर ५० मीटरवर गोळी ५ मिलिमीटर सरकते, आणि लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यासच मुळी १०.४ मिलिमीटर आहे. हातापाशी डगडगणारा ठोकळा प्रत्येक गोळीला मुलीची पकड बदलत असेल, तर ती कितीही सराव करो, गोळ्या पसरणारच.

रचना साधी होती. अंग ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचे, त्याच्या माथ्यावर रेलच्या तोंडात बसणारी एक चावी (उभार पट्टी), रेलच्या आत ईएन८ पोलादाचा टी-नट आणि दोघांना आवळणारा एम६ बोल्ट. पट्ट्याच्या कडीसाठी अंगात एम५ ची आटी. प्रत्येक चावी तिच्या रायफलीच्या खाचेपेक्षा ०.०३ मिलिमीटर कमी ठेवून कापली आणि प्रत्येक अंगावर १ ते ७ आकडे ठोकले. मशीनवरून उतरलेले सातही तुकडे मी सायंकाळी रेंजवर नेऊन लावून पाहिले. बोटाने ढकलताच ते सरकत होते आणि जराही डगडगत नव्हते. त्या संध्याकाळी मी फार समाधानाने घरी गेलो.

पुढे फक्त काळे ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवणे, राहिले होते. शनिवारी दुपारी ते सातपूरहून परत आले, रंग गडद आणि एकसारखा होता. आमचे सेटर काका तीस वर्षे या धंद्यात आहेत. त्यांनी मायक्रोमीटर लावला, काही न बोलता दुसऱ्यांदा लावला आणि तो माझ्या हातात दिला. चावी ०.०५ मिलिमीटरने वाढली होती. एम५ चा गो गेज, म्हणजे आटी तपासायचे माप, पहिल्याच आटीवर अडत होता. रविवारी सकाळी नऊला मुले रेंजवर येणार होती आणि पुढच्या आठवड्यात त्यांची निवड चाचणी होती.

चूक माझी होती, हे कामासोबत पाठवलेल्या चलनाची प्रत पाहताच कळले. मी "ब्लॅक ॲनोडायझिंग" एवढेच लिहिले होते. माझ्या मनात शोभेचा दहा-बारा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर होता, तर ॲनोडायझिंगवाल्यांनी काम टिकाऊ व्हावे म्हणून ५० मायक्रॉनचे हार्ड ॲनोडायझिंग करून दिले होते. या प्रक्रियेत थर साधारण अर्धा धातूच्या आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो. म्हणजे प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन, चावीच्या दोन बाजू मिळून ५०. ठेवलेली ३० ची सैल संपून वर २० ची अडचण. आटीचे तर याहून वाईट होते, कारण ६० अंशांच्या आटीत पृष्ठभागावरच्या वाढीच्या चौपट फरक पिच व्यासात, म्हणजे आटीच्या मधल्या व्यासात, पडतो.

कॉस्टिक सोड्यात बुडवून थर काढून टाकावा, हा सर्वांत सोपा उपाय मी जवळजवळ ठरवला होता. काकांनी थांबवले. "साहेब, थर निघेल, पण त्यानं आतला जो धातू खाल्लाय तो परत येणार नाही. मग चावी आठ शतांश ढिली राहील." त्यांचे गणित बरोबर होते, ३० अधिक ५०. ज्या डगडगीसाठी हे सगळे काम हाती घेतले, तीच आम्ही परत केली असती.

शेवटी चावीच्या दोन्ही बाजू ग्राइंड करायचे ठरले. हा थर म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, म्हणजे आमच्या नेहमीच्या पांढऱ्या ग्राइंडिंग व्हीलचाच पदार्थ. त्यावर ते व्हील घासत बसते आणि तापते. सिलिकॉन कार्बाइडचे हिरवे व्हील हवे होते. ते कार्बाइडची टूल्स लावणाऱ्या एका शेजाऱ्यांकडून, शटर ओढता ओढता, मिळाले. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, म्हणून मॅग्नेटिक चकवर प्रिसिजन व्हाइस आणि व्हाइसमध्ये तुकडा असे बसवून, डायल शून्यावर आणून, एका खेपेला ५ मायक्रॉन उतरवत गेलो. प्रत्येक बाजूचे २५ मायक्रॉन गेले की माप मूळ जागी येत होते आणि खाली निम्मा थर शिल्लक राहत होता, त्यामुळे घासणारी बाजू उघडी पडत नव्हती. एकेका तुकड्याला चाळीस मिनिटे लागली. दरम्यान काका टॅप, म्हणजे आटी कापायचे हत्यार, हाताने फिरवून आटी मोकळ्या करत होते. त्या कडक थराने त्यांचे दोन टॅप बोथट केले. सातवा तुकडा व्हाइसमधून काढला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.

सकाळी थंडी होती. रेंजवर सहा हँडस्टॉप क्रमाने आपापल्या रेलमध्ये गेले. पाचव्या क्रमांकाचा मात्र मध्येच अडला आणि माझ्या पोटात गोळा आला, पण तिथे रेलच्याच कडेला ठेच लागून बारीक बर, म्हणजे धातूची किनार, उभी राहिली होती. सरांनी ती ऑइलस्टोनने उतरवली आणि तो तुकडाही सरकला. ती रायफल सोळा वर्षांची एक मुलगी वापरत होती. तिने हँडस्टॉप पुढेमागे करून आपली जागा शोधली, त्याचा बोल्ट आवळला, पट्टा ताणून पालथी पडली आणि बराच वेळ नुसती नेम धरून राहिली. उठल्यावर तिने विचारले, "काका, रेलच्या बाजूला मिलिमीटरच्या रेघा मारून मिळतील का? म्हणजे काढून पुन्हा लावला तरी तिथंच लागेल."

रेल रायफलीपासून सुटी करता येते का, हे मी सरांना विचारून घेतले. येत होती. सोमवारच्या कामांत रेघांचे ड्रॉइंग पहिले लिहिले, आणि त्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत थराची जाडी.