हेलो लेजेंडरीवर : लायब्ररी निघाली एकदाची

निघाली! 'हेलो' या गोळीबाराच्या व्हिडिओ गेममधला 'लायब्ररी' हा टप्पा लेजेंडरीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, एकट्याने, एकही स्कल (खेळाचे नियम बदलणारी सोय) न लावता. इंडेक्स, म्हणजे टप्प्याच्या शेवटी मिळवायची किल्ली, हातात आल्यावर इतक्या जोरात ओरडलो की आतून आईचा आवाज आला, "काय रे, पडलास का?"

मागच्या नोंदीवर बऱ्याच जणांनी सांगितलं होतं की हा टप्पा को-ऑपमध्ये, म्हणजे जोडीदार घेऊन, उरक आणि मोकळा हो. सल्ला शहाणपणाचाच होता. पण हा गेम परत हातात घेतला तो एका गोष्टीचा छडा लावायला. २००१ सालचा एवढा नावाजलेला गेम, आणि सातवा टप्पा आला की जो तो नाक मुरडतो. दोष नक्की कुणाचा? फ्लडचा, म्हणजे झुंडीने येणाऱ्या त्या परजीवी शत्रूचा, की त्या बोळाचा? माझं उत्तर आता पक्कं झालंय. पण आधी रडगाणं ऐका.

बोळ तुम्हाला माहीतच आहे. लांबच लांब, सगळा सारखा, भिंतीतल्या भोकांमधून फ्लड ओतला जातोय, आणि वाट दाखवणारं तरंगतं यंत्र, आपले गिल्टी स्पार्क महाराज, गुणगुणत पुढे जाऊन आपल्याला बंद दाराशी सोडून गायब होतात. दार उघडेपर्यंत तग धरा. नॉर्मलवर हे नुसतं कंटाळवाणं आहे. लेजेंडरीवर गर्दीत एक जरी रॉकेटवाला असला तरी शील्ड, म्हणजे अंगावरचं आपोआप भरणारं कवच, भरलेली असो की रिकामी, एका फटक्यात खेळ खलास.

तरी मला रॉकेटपेक्षा जास्त छळलं चेकपॉइंटने. आजूबाजूला मारामारी चालू असेल तर हेलो चेकपॉइंट देत नाही, शांत झाल्याशिवाय सेव्ह पडत नाही. एरवी हा नियम चांगला आहे, मरता मरता सेव्ह होत नाही. पण इथे शांतता म्हणजे दोन लाटांमधला श्वास. दुसऱ्या मजल्यावर तो नेमका अशा वेळी पडला की हेल्थची एकच पट्टी लाल लुकलुकतेय, शॉटगनमध्ये काडतुसं जेमतेम, आणि जवळपास हेल्थ पॅकचं नाव नाही. त्यानंतर कितीही वेळा मेलो तरी जन्म तिथेच, त्याच अवस्थेत. त्यातून मार्ग काढत होतो तर मावठ्याचा पाऊस आला आणि लाइट गेली. परत पहिल्या मजल्यापासून.

एका अर्थी ते बरंच झालं, कारण नव्याने सुरू करताना हत्यारांचा विचार नीट केला. मी पिस्तूलवाला माणूस. १२ गोळ्या, दुप्पट झूम, ग्रंटच्या, म्हणजे छोट्या परग्रही शिपायाच्या, डोक्यात एक गोळी की विषय संपला. चिलखती हंटरच्या पाठीवरच्या नारिंगी मांसात एक गोळी घातली की तो डोंगरसुद्धा कोसळतो. एवढं लाडकं हत्यार टाकवत नव्हतं. पण फ्लडला डोकं हा प्रकारच नाही. स्नायपरची गोळी तर त्याच्यातून आरपार जाते आणि तो धावतच राहतो. दोनच हत्यारं बाळगता येतात, त्यात एक जागा पिस्तुलाने अडवायची म्हणजे चैन झाली. म्हणून शॉटगन आणि असॉल्ट रायफल.

असॉल्ट रायफलला आपल्यात फार कुणी विचारत नाही, मीही तिला पाणीपिचकारीच म्हणत आलोय. पण लायब्ररीत माणूस मरतो तो बहुतेकदा फ्लडच्या त्या छोट्या फुग्यांमुळे. एकेक इन्फेक्शन फॉर्म शील्डवर आपटून फुटतो तेव्हा जेमतेम ओरखडा उठतो. पण प्रत्येक आपटण्याने शील्ड भरायला लागण्याआधीची उसंत पुन्हा शून्यापासून मोजली जाते. म्हणजे शील्ड भरतच नाही, आणि मग मागून आलेल्या मोठ्या फ्लडचा, कॉम्बॅट फॉर्मचा, एक चाबूक पुरतो. ६० गोळ्यांची ती पिचकारी फुग्यांवर नुसती फिरवायची, शॉटगन मोठ्यांसाठी राखायची. शॉटगन एकेक काडतूस भरते आणि मध्येच थांबवून झाडता येते, याचा हिशोब एकदा बोटांत बसला की जीव वाचतो.

एवढं करूनही तिसऱ्या मजल्यावरचं दार काही पार होईना. स्पार्क गेला की मी दाराला पाठ लावून उभा. सगळीकडून येतात तर निदान पाठ तरी सुरक्षित, असा विचार. शेवट ठरलेला.

तोडगा दिला बंड्याने, ज्याने आयुष्यात माऊसवर पत्ते सोडून काही खेळलेलं नाही. रात्री इंदूरच्या सराफ्यातून, खाऊबाजारातून, गराडू (तळलेला कंद) बांधून आला होता. पलंगावर बसून काडीने एकेक फोड तोंडात टाकत बघत होता, त्यावरचा जीरावण मसाला माझ्या कीबोर्डवर सांडत होता. तीन-चारदा मला मरताना पाहून म्हणाला, "भिया, रंगपंचमीच्या मिरवणुकीत, गेरमध्ये, तू राजवाड्यासमोर मधोमध उभा राहतोस का? मागे गल्लीत सरकतोस ना? मग इथे काय खांब गाडलाय तुझा?"

खरंच की. दार उघडेपर्यंत दाराशीच थांबलं पाहिजे असं गेम कुठे म्हणतो? साफ केलेल्या बोळात पंधरा-वीस पावलं मागे गेलो. आता सगळे एकाच बाजूने यायला लागले. रॉकेटवाला लांबून दिसायला लागला, बाजूला व्हायला वेळ मिळाला, आणि त्याचं रॉकेट त्याच्याच भाईबंदांत फुटायला लागलं. कॅरियर, म्हणजे मारला की फुटणारा फुगीर फ्लड, डुलत गर्दीच्या मधोमध आला की मगच त्याला गोळी. आणि सगळ्यात गोड गोष्ट : मेलेल्यांच्या हातून पडलेले ग्रेनेड जमिनीवर विखुरलेले असतात, त्यातल्या एकाशेजारी आपला फ्रॅग ग्रेनेड फुटला की तेही फुटतात. एका फ्रॅगवर दिवाळीतली लड लागावी तसा अर्धा बोळ साफ झाला. बंड्याने गराडूची काडी खाली ठेवली, यावरून समजा.

एक लक्षात ठेवा, पडलेला प्रत्येक फ्लड मेलेला नसतो. काही नुसते निपचित पडतात आणि आपण ओलांडून गेलो की उठतात. मागे सरकून लढताना हे जास्त जाचतं, कारण पाठीमागची वाट त्यांच्याच धडांनी भरलेली. काडतूस वाया गेलं तरी चालेल, शंका आली की एक घालायचं.

तर मूळ प्रश्न. माझ्या मते फ्लड निर्दोष आहे, बोळ दोषी. पहिल्या पाच टप्प्यांत हेलोची ताकद कशात आहे? एलिट, म्हणजे ग्रंटचा म्होरक्या, शील्ड गेली की आडोशाला पळतो, ग्रेनेड दिसला की उडी मारतो, त्याला मारलं की ग्रंट हात वर करून सैरावैरा. त्यांच्या वागण्याला जागा लागते, आडोसे लागतात, वर-खाली लागतं. सायलेंट कार्टोग्राफरच्या किनाऱ्यावर उतरताना हे सगळं एकदम कामाला लागतं, म्हणूनच तो टप्पा कितीही वेळा खेळा, शिळा होत नाही. फ्लडला आडोसा नको, भीती नाही, तो सरळ येतो. अशा शत्रूला सरळ बोळात सोडलं तर उरते फक्त गर्दी. मागे सरकून जे मिळालं ते खरं तर जागाच होती, टप्पा बनवणाऱ्यांनी न दिलेली.

घाई झाली होती हे दिसतंच. १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्सने मॅकवर्ल्डच्या मंचावर हा गेम दाखवला, २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी ही गेम बनवणारी कंपनी विकत घेतली, आणि १५ नोव्हेंबर २००१ ला एक्सबॉक्ससोबत गेम बाजारात. लायब्ररीनंतरचे तिन्ही टप्पे जुन्याच जागांवर उभे आहेत. टू बिट्रेयल्स म्हणजे कंट्रोल रूमच्या टप्प्याची वाट उलटी, कीजमध्ये कव्हेनंटचं, म्हणजे ग्रंट-एलिटांच्या परग्रही फौजेचं, तेच जहाज, मॉमध्ये परत पहिल्या टप्प्यातलं ऑटम जहाज. पण गंमत बघा, टू बिट्रेयल्समध्ये तोच फ्लड मोकळ्या बर्फात कव्हेनंटशी भिडतो आणि गेम पुन्हा जिवंत होतो.

ग्राफिक्सबद्दल विचारलं होतं कुणीतरी. २०११ च्या ॲनिव्हर्सरी आवृत्तीचं नवं रूप एका बटणावर बदलता येतं, पण मी जुन्यावरच खेळतो. नव्या रूपाखाली चालणारा गेम २००१ चाच आहे, त्यामुळे काही ठिकाणी जे दिसतं आणि गोळी जिथे अडते ते जुळत नाही. शिवाय जुन्या रूपातला काळोख नव्यात उजळून टाकलाय, आणि फ्लडच्या टप्प्यांत तो काळोखच हवा.

माऊसचा उलगडाही झाला. मागे लिहिलं होतं की प्लाझ्मा पिस्तूल दाबून धरलं तरी चार्ज मध्येच सुटतो. गेमचा दोष नाही, डाव्या बटणाचा मायक्रोस्विच झिजलाय. बोट दाबलेलं असताना तो क्षणभर सुटतो, गेमला वाटतं बटण सोडलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण हमी संपल्यावर महिन्याभरात हे व्हावं याला काय म्हणायचं! सिल्व्हर मॉलमधल्या एका काकांनी जुना स्विच डिसोल्डर करून ओमरॉनचा बसवून दिला. ऑनलाइन नवा माऊस मागवण्याआधी अशा माणसाकडे जा. फक्त खालचे टेफ्लॉन पाय उचकटताना फाटतात, ते आधीच आणून ठेवा.

पुढचा बेत असा होता की थोडा विसावा म्हणून थेट मॉ उघडायचा आणि शेवटची वॉर्टहॉग जीपची दौड मारायची. पण वरचं लिहिता लिहिता बेत बदलला. आता टू बिट्रेयल्सच, आणि तोही बंड्याच्या तत्त्वावर : दोन टोळ्या भिडल्या की मागे राहायचं, एक संपेपर्यंत गोळी झाडायची नाही, उरलेल्या एलिटला चार्ज केलेला प्लाझ्मा आणि वर पिस्तूल. हो, पिस्तूल परत घेतोय. अडचण टप्प्यात बंद पाडायच्या पल्स जनरेटरची. किरणात शिरलं की शील्ड जाते, आणि नेमकं तेव्हाच कुणी मागे असलं तर? आधी आवार पूर्ण रिकामं करायचं की बॅन्शी या छोट्या विमानावरून उतरून थेट आत घुसायचं? लेजेंडरीवर ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, शनिवारी रात्री बसतोय. गराडू बंड्या आणणार आहे, कीबोर्डवर यंदा प्लॅस्टिक अंथरतोय.