ओली वात, लाल तार

समईत वात जळते असं आपण सहज म्हणतो. खरं तर जळत असतं तेल. वात नुसती ते खालून वर आणून देते, आणि त्या कामाची खूण म्हणून टोकाशी काळी होते. तेल संपलं की मात्र खुद्द वात जळू लागते, करपट वास सुटतो आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "अगं, समईत तेल आहे का बघ!" वास आधी आणि डोळे नंतर, असाच हा शोध लागतो.

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, कॉइलमधल्या (द्रव तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यातल्या) कापसाचंही असंच. फरक एवढाच, की इथे वातीचं टोकसुद्धा काळं होणं अपेक्षित नाही. समईत ज्योत वातीच्या टोकाला, इथे तापलेली तार वातीच्या कमरेभोवती. तरी कापसाने जळायचं नाही. तो ओला आहे तोवर जळतही नाही, कारण तारेची उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्च होते. कोरडा पडला, की पुढच्याच झुरक्याला घशात ठसका बसतो. याला म्हणतात ड्राय हिट. एकदा घेतलेली माणसं तिची चव विसरत नाहीत.

कॉइल बांधण्याचा हा उद्योग भारतातला नाही. २०१९ च्या कायद्याने इथे ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे, तेव्हा लंडन-लेस्टरहून सुट्टीवर येणाऱ्याने हे यंत्र तिकडेच ठेवून यावं. ब्रिटनमध्ये ते उघड विकलं जातं, पण मापात: टाकी २ मिलिलिटरची, निकोटिनच्या लिक्विडची बाटली १० मिलिलिटरची, निकोटिन मिलिलिटरमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपची विक्री तिथेही थांबली. मग उरतात तयार कॉइल विकत घेऊन बदलणारे, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः तार गुंडाळणारे. हा लेख दुसऱ्यांबद्दल आहे. (निकोटिन व्यसन लावतं हे दोघांनाही लागू.)

स्वतः बांधायचा अ‍ॅटमायझर, म्हणजे लिक्विडची वाफ करणारा भाग, हा मुळात एक छोटा ओटा, ज्याला डेक म्हणतात. त्यावर दोन खांब, खांबांना स्क्रू. दोन खांबांमध्ये तारेचं वेटोळं, वेटोळ्यातून आरपार कापूस. वर टाकी असली तर तो आरटीए, टाकी नसून थेंब थेंब सोडायचे असतील तर आरडीए. तार बहुधा कांथलची. लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा हा मिश्रधातू स्वीडनमधल्या हालस्टाहामरचा, भट्ट्या आणि हीटरांसाठी तयार झालेला. २६ गेजची कांथल ए-१ तार ३ मिलिमीटर जाडीच्या दांडीवर सहा वेढे गुंडाळली, की पायांसकट तिचा विद्युतरोध साधारण ०.८ ते ०.९ ओहम भरतो. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा. पुढे साफसफाईनंतर सगळं ठीक बसलंय का, हे तोच सांगणार आहे.

तारेवर जो काळा थर चढतो त्याला तिकडे गंक म्हणतात. मराठीत काजळी म्हणायला हरकत नाही, पण दिव्याच्या काजळीसारखा तो हाताला लागून निघत नाही. पातेल्याच्या बुडाला लागलेल्या पाकासारखा असतो. कारणही पाकाचंच. लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, व्हेजिटेबल ग्लिसरीन २९० ला. दोन्ही वाफ होऊन निघून जातात. गोडीसाठी घातलेलं सुक्रलोज मात्र वाफ होत नाही. ते मागे राहतं, करपतं आणि तारेला चिकटून बसतं. म्हणून कस्टर्ड, कॉफी, डोनट असल्या नावांची लिक्विडं दोन दिवसांत कॉइल काळीकुट्ट करतात आणि साधं पुदिन्याचं लिक्विड दोन आठवडे निघतं. कॉइल लवकर खराब होते अशी तक्रार असेल, तर तार बदलण्याआधी बाटली बदलून पाहावी.

कापूस बदलण्याची वेळ जिभेला आधी कळते. गोडी उतरते, मग भाजलेल्या साखरेसारखी कडसर चव येते. त्याच्या आत बदलला तर तारेवरचा थर पातळ असतो आणि काम दहा मिनिटांचं. कडू होईपर्यंत ओढत राहिलं, तर थर कोळशासारखा घट्ट बसतो.

क्रम असा. टाकी रिकामी करून बाजूला, डेक मॉडवरून (बॅटरी आणि बटण असलेल्या खालच्या भागावरून) काढायचा. कापूस चिमट्याने एका बाजूने ओढायचा, तोही ओला असतानाच. वाळलेला कापूस गंकबरोबर तारेला चिकटतो, जोरात ओढला की वेढे वाकडे होतात. निकोटिन त्वचेतूनही शोषलं जातं, म्हणून हातमोजे घालावेत किंवा लगेच हात धुवावेत, आणि तो कापूस मुलं किंवा मांजर पोचेल अशा उघड्या कचऱ्यात टाकू नये. मग डेक गरम पाण्याखाली धरून उरलेलं लिक्विड घालवायचं आणि पूर्ण कोरडा करायचा.

आता ड्राय बर्न. कापूस नसलेली तार तापवून काजळी जाळून टाकणे, एवढंच ते आहे. पण इथेच घाई होते. डेक परत मॉडवर चढवून मॉड १० ते १५ वॉटवर ठेवावा, त्याहून वर नाही. बटण एक-दोन सेकंद दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. पहिल्या दोन-तीन वेळा तार लाल होत नाही, नुसता धूर निघतो आणि जळक्या साखरेचा वास येतो. खिडकी उघडी हवी. तो धूर ओढायचा नसतो, हे सांगायला नको, तरी सांगितलेलं बरं. मग मधल्या वेढ्यांतून मंद तांबूस रंग उमटतो, काळ्या थराला भेगा पडतात आणि त्याची राख होते, करडी, उदबत्तीच्या राखेपेक्षाही हलकी. लाली मंदच ठेवायची. नारिंगी-पिवळी होईपर्यंत बटण दाबून धरणं म्हणजे काजळीबरोबर तारेचंही आयुष्य जाळणं.

तार पुरती गार झाल्यावर मऊ ब्रशने राख झाडायची आणि डेक मॉडवरून काढून पाण्याखाली धरायचा. लाल तार थेट नळाखाली धरून चर्रर्र आवाज काढण्याची हौस अनेकांना असते. काजळी सुटते खरी, पण तारेला बसणारा धक्का फुकटचा. तारेच्या घासणीने घासणंही वाईट. कांथल तापली की तिच्या अंगावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो, तोच आतल्या धातूला सांभाळतो. नव्या तारेची चमक जाऊन ती मळकट करडी होते ती यामुळेच. ती मळकट दिसते म्हणून चकचकीत करायला जाणारा माणूस तिचं चिलखत उतरवत असतो.

हे सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही. ग्रीक हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस यांचं नाव व्हेपिंगच्या संशोधनात बरंच घेतलं जातं. धूम्रपान सोडण्यासाठी व्हेपची बाजू घेणाऱ्या याच माणसाने २०१५ मध्ये ड्राय बर्न टाळा, असं सांगितलं. लाल होईपर्यंत तापवल्याने धातूच्या घडणीत फरक पडतो, हा त्यांचा मुद्दा. तारेचा एक तुकडा काही पेन्सांचा असतो, नवं वेटोळं पाच मिनिटांत होतं. मग दोन-तीन वेळा जाळून झाल्यावर तीच तार वापरत राहण्यात बचत कमी आणि हट्टच जास्त. शिवाय हे सगळं कांथल आणि निक्रोम (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) यांच्यापुरतं. स्टेनलेस स्टील अगदी बेताने तापवावं. शुद्ध निकेल आणि टायटॅनियम मुळीच लाल करू नये. टायटॅनियमवर पांढरी भुकटी धरते आणि फार तापलं तर ते चक्क पेटतं. कोणती तार लावली ते आठवत नसेल, तर ती टाकून द्यावी.

ड्राय बर्नचा एक फायदा मात्र दुसऱ्या कशात नाही: तार कुठे चुकते ते डोळ्यांना दिसतं. वेटोळं मधून बाहेर दोन्हीकडे सारखं लाल होत जायला हवं. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर तो हॉट स्पॉट, आणि कापूस तिथेच करपणार. तार गार झाल्यावर सिरॅमिक चिमट्याचं टोक वेढ्यांवरून सतारीच्या तारा छेडाव्यात तसं हलकेच फिरवायचं, वेढे जवळ दाबायचे, पुन्हा एक सेकंद तापवून बघायचं. खांबाजवळचा पायच आधी लाल होत असेल तर बहुतेक स्क्रू ढिला आहे. आणि हे सगळं होईपर्यंत वेढा किंवा पाय डेकला टेकत नाही ना, हे उजेडात धरून बघावं. टेकला तर शॉर्ट सर्किट. नियंत्रित मॉड पडद्यावर तक्रार करून थांबतो, पण आत कसलीच अक्कल नसलेला मेकॅनिकल मॉड बॅटरीतला सगळा प्रवाह सोडून देतो. पूर्ण भरलेली ४.२ व्होल्टची बॅटरी आणि ०.१ ओहमचं वेटोळं म्हणजे ४२ अँपिअर. साध्या १८६५० मापाच्या बॅटरीला ते झेपत नाही.

आता कापूस, म्हणजे खरी कलाकुसर. देवाच्या वातींचा देवकापूस हाताशी असला तरी इथे तो चालणार नाही. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा नैसर्गिक लेप असतो. तेल त्यात झटकन शिरतं, म्हणून समईला तो उत्तम. पण पाण्याशी सख्य असलेली ग्लायकॉल-ग्लिसरीन मंडळी त्या मेणापाशी अडतात. कच्च्या कापसाचा पुंजका पाण्यात टाकला तर तो बराच वेळ तरंगत राहतो, औषधाच्या दुकानातला कापूस लगेच बुडतो. मेण काढलेला, पण सुगंध-लोशन न लावलेला कापूस हवा. गोल कॉटन पॅड वापरायचे तर वरचा-खालचा दाबलेला पापुद्रा सोलून फक्त मधला भाग घ्यावा.

पट्टीचं टोक पिळून, लाळ न लावता, वेटोळ्यातून ओवायचं. जाडी किती, याचं गणित नाही, बोटांना कळतं. कापूस सरकताना किंचित अडला पाहिजे, पण वेटोळं जागचं हललं नाही पाहिजे. सैल राहिला तर वेढ्यांखाली पोकळ्या उरतात, लिक्विड तडतडतं आणि गरम थेंब जिभेवर येतात. फार दाटला तर मधोमध द्रव पोचत नाही. काढलेल्या कापसावर मध्ये तपकिरी पट्टा आणि दोन्ही टोकं पांढरीशुभ्र दिसली, तर समजावं की तो दाटला होता.

टोकं डेकच्या बाहेरच्या कडेशी कापायची, किंचित तिरकी. मग चिमट्याने किंवा बारीक फणीने पिंजून साधारण तिसरा हिस्सा काढून टाकायचा. आरटीएत ही टोकं लिक्विडच्या खाचांत अलगद सोडायची: तळाला टेकतील इतकी, कोंबायची नाहीत. कोंबली तर तहान, आखूड पडली तर पूर. मग हवेच्या भोकातून लिक्विड गळतं आणि झुरक्याला हुक्क्यासारखी गुडगुड येते. कंदिलाची वात कापताना दोन्ही कोपरे उडवले नाहीत तर ज्योतीला शिंगं फुटायची, काच काळी व्हायची. तिथे कात्री चुकली की काचेवर दिसायचं, इथे खिशात.

लिक्विड मग थेट कापसावर सोडायचं, वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंनी, पांढरा रंग जाऊन तो पारदर्शक दिसेपर्यंत. टाकी भरल्यावर पाचेक मिनिटं थांबायचं. ७० टक्के ग्लिसरीनचं लिक्विड काकवीसारखं सरकतं, थंडीत तर त्याहून आळशी. टाकी चढवण्याआधी ओहम बघावेत. लिहून ठेवलेल्या ०.८५ च्या जागी ०.८७ आले तर सोडून द्यावं, १.२ आले किंवा आकडा नाचत राहिला तर स्क्रू ढिला आहे.

बाकी डागडुजी फार नाही. रबराच्या ओ-रिंग कोमट साबणाच्या पाण्यात धुवाव्यात आणि बसवताना ग्लिसरीनचा एक थेंब लावावा. अ‍ॅसिटोनच्या वाटेला जाऊ नये. हवेची भोकं टूथपिकने मोकळी करावीत. टाकी प्लास्टिकची असेल तर दालचिनी आणि लिंबाची लिक्विडं तिला तडे पाडतात, त्यांना काचच हवी. गिटारच्या तारेसारखी, जाड तारेवर बारीक तार गुंडाळलेली क्लॅप्टन कॉइल दिसायला देखणी आणि धुवायला त्रासदायक: फटीफटींत गंक. तिला अल्ट्रासॉनिक भांड्यात पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवली, की पाणी चहासारखं होतं.

पहिले दोन-चार झुरके कमी वॉटवर घ्यावेत. त्यांना कापसाची चव येतेच, नव्या गादीच्या वासासारखी, आणि ती जाते. झुरका सोडल्यावर टाकीत खालून एखाददुसरा बुडबुडा वर येतो. जेवढं लिक्विड वातीत गेलं, तेवढी हवा वर आली.