माउस फायलींच्या गठ्ठ्यामागे

सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त दुरुस्त करायला आज नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या आसपासच्या एका टायपिंगच्या दुकानात गेले होते. तिथल्या ताईंनी माउस चक्क फायलींच्या गठ्ठ्यामागे ढकललेला, वर्डमधलं सगळं काम कीबोर्डच्या शॉर्टकटवर!

म्हटलं, "ताई, हा ठराव वरच्या ठरावाच्या आधी हवा." मी असते तर सिलेक्ट, कट, वर जा, पेस्ट. त्यांनी आल्ट आणि शिफ्ट धरून वरचा बाण दाबला, अख्खा परिच्छेद लिफ्टमध्ये बसल्यासारखा वर. नवीन पान? कंट्रोल एंटर. (एंटर एंटर करत पान ढकलणाऱ्यांनी हात वर करा.)

पण मला भावलं ते शिफ्ट एफ ५. फाइल पुन्हा उघडून हे दाबलं की आधी काम जिथं सोडलं होतं, तिथं वर्ड नेऊन सोडतं. लांबलचक करारनाम्यांत हे सोनंच. शिफ्ट एफ ३ ने इंग्रजी अक्षरं लहान-मोठी होतात, मराठीला त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडे कॅपिटलची भानगडच नाही.

कट-कॉपी-पेस्ट तर १९७० च्या दशकातलं, लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांचं, झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रातलं काम. टेस्लर २०२० मध्ये गेले. कंट्रोल सी आपण रोज दाबतो, नाव कुणाला ठाऊक नसतं.

निघताना ताई म्हणाल्या, "लॅपटॉपवर एफ ५, एफ ३ नाही चाललं तर सोबत एफएन लिहिलेलं बटण पण दाबा हं." घरी तसंच करावं लागलं.

तुमचा आवडता शॉर्टकट सांगा. सेव्हचा सोडून!