वडिलांचा पगार थांबला त्या वर्षीची फी

2024 च्या ऑगस्टमध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मी पुण्यातील एका खासगी महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होतो. ते एका कारखान्यात पर्यवेक्षक होते. शिल्लक रजा संपेपर्यंत पगार मिळाला आणि त्यानंतर तो थांबला. वर्षाच्या शुल्काचा पहिला हप्ता जुलैमध्ये भरून झाला होता, दुसरा दिवाळीपूर्वी भरायचा होता, त्याच सुमारास परीक्षेचा अर्ज होता आणि खोलीचे भाडे व मेस यांचा खर्च तर दर महिन्याचा. त्या वर्षी शिक्षण न सोडता मी कसा टिकलो, ते येथे सविस्तर लिहितो आहे, कारण अशी वेळ आलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक खिडकीवर फक्त त्या खिडकीपुरतीच माहिती मिळते.

पहिला सल्ला सर्वांनी एकच दिला, महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावर, अर्ज कर. सल्ला चुकीचा नव्हता, पण माझ्या अडचणीला तो लागू पडत नव्हता. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी असलेली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असेल तर मिळते, आणि हे उत्पन्न तहसीलदारांच्या दाखल्यावरून ठरते. तो दाखला सरलेल्या आर्थिक वर्षाचा असतो. वडिलांच्या मागील वर्षाच्या फॉर्म 16 वरील, म्हणजे कारखान्याने दिलेल्या पगार व करकपातीच्या प्रमाणपत्रावरील, आकडा, त्यात जादा कामाचा मोबदला धरून, 8 लाखांच्या थोडा वर जात होता. म्हणजे घरात पगार येत नसताना कागदावर आम्ही मर्यादेबाहेरचे कुटुंब होतो. दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या सेतू केंद्रातील माणसाने हे मला अगदी शांतपणे समजावून सांगितले: यंदाचे दुखणे पुढच्या वर्षीच्या दाखल्यात दिसेल. मला त्याचा राग आला नाही, कारण तो सांगत होता तो नियमच आहे. मात्र आपल्याकडील बहुतेक शिष्यवृत्त्या गरिबीसाठी आखलेल्या आहेत, अचानक कोसळलेल्या संकटासाठी नव्हे, हे मला तेथे प्रथम कळले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये निघालेल्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले होते, पण त्यालाही 8 लाखांचीच अट आहे. माझ्या जागी बहीण असती तरी त्या वर्षी उत्तर हेच आले असते.

आमच्या विभागात प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक प्राध्यापक नेमलेले असतात. माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी सर्व सांगितले तेव्हा त्यांनी धीर देण्यात वेळ घालवला नाही. एक कोरा कागद पुढे करून त्यांनी मला खर्च तारखेनुसार लिहायला लावला: या महिन्यात काय द्यायचे आहे, हे सत्र संपेपर्यंत काय, आणि पदवी हातात येईपर्यंत काय. तोपर्यंत माझ्या डोक्यात एकच मोठा आकडा होता आणि तो कोणाजवळ मागावा हे सुचत नव्हते. कागदावर त्याचे तीन भाग झाले. पहिला भाग, म्हणजे मेस, भाडे आणि परीक्षा शुल्क, काही हजारांचा होता पण तातडीचा होता. दुसरा, म्हणजे शुल्काचा उरलेला हप्ता, मोठा होता पण मुदत मागता येण्याजोगा होता. तिसरा, म्हणजे शेवटचे वर्ष, सर्वांत मोठा होता आणि त्यासाठी हातात महिने होते. पुढे मी जे जे केले ते या तीन भागांना वेगवेगळ्या ठिकाणांहून वाट काढून देणे एवढेच होते.

तातडीच्या भागासाठी महाविद्यालयातच सोय होती आणि ती मला मॅडमनी सांगेपर्यंत ठाऊक नव्हती. विद्यार्थी साहाय्य निधी नावाचा एक छोटा निधी आमच्याकडे आहे. प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाकडून घेतली जाणारी किरकोळ रक्कम आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांतून तो उभा राहतो. सूचना फलकावर त्याची माहिती क्वचितच लागते. माझ्या मते याचे कारण दुर्लक्ष हे नसून भीती हे असावे: जाहिरात केली तर अर्ज इतके येतील की निधी पुरणार नाही. परिणाम मात्र असा होतो की ज्याची प्राध्यापकांशी ओळख आहे त्यालाच तो सापडतो. म्हणून माझे प्रत्येकाला सांगणे आहे की, तुमच्या संस्थेत असा निधी आहे की नाही हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना, ग्रंथपालांना आणि लेखा विभागाला स्वतः जाऊन विचारा. नाव वेगळे असू शकते. कोठे तो गरीब विद्यार्थी निधी असतो, कोठे प्राचार्यांच्या अखत्यारीतील फंड.

या निधीसाठी जो अर्ज लिहिला त्याचाच साचा मी पुढे सगळीकडे वापरला. मॅडमनी घातलेली अट अशी होती की अर्ज एका पानापलीकडे जाता कामा नये आणि त्यात विशेषणे नकोत. काय घडले आणि केव्हा, घरात कमावते कोण होते आणि आता कोण आहे, आजवर किती शुल्क भरले, किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत हवी आणि ती नेमकी कशासाठी, एवढेच लिहायचे. सोबत रुग्णालयाचे कार्ड, पगार थांबल्याचे कारखान्याचे पत्र, मागील सत्रांच्या गुणपत्रिका, बोनाफाईड (महाविद्यालयात शिकत असल्याचा दाखला) आणि शुल्काच्या पावत्या जोडायच्या. कारखान्याचे पत्र मिळवण्यासाठी आईला बरेच आर्जव करावे लागले, पण सगळ्या कागदांत तेच सर्वांत मोलाचे ठरले, कारण तहसीलदारांच्या दाखल्यात न दिसणारी गोष्ट सांगणारा तो एकमेव कागद होता. समितीने माझे परीक्षा शुल्क परस्पर भरले आणि सत्र संपेपर्यंतचा मेसचा खर्च मंजूर केला. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती वेळेवर आली, आणि परीक्षेच्या अर्जाची मुदत विलंब शुल्काशिवाय पाळता आली.

त्याच काळात वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीची चौकशी केली. घरात या पैशाला हात लावायचा नाही असा अलिखित दंडक होता आणि आईची समजूत घालणे हेच खरे काम होते. त्या वेळच्या नियमांनुसार सात वर्षांचे सदस्यत्व पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला मुलांच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी स्वतःच्या वर्गणीच्या, व्याजासह, निम्म्यापर्यंत रक्कम काढता येत असे. स्वतःच्या आजारपणासाठी वेगळी तरतूद होती आणि तिला सेवेच्या वर्षांची अट नव्हती. आम्ही उपचारांसाठी आजारपणाच्या तरतुदीतून आणि माझ्यासाठी शिक्षणाच्या तरतुदीतून, असे दोन स्वतंत्र दावे ऑनलाईन केले. वडिलांचा मोबाईल क्रमांक आधारशी आणि त्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्याशी आधीच जोडलेला असल्यामुळे ओटीपी घरीच मिळाला. तो जोडलेला नसता, तर अंथरुणावरच्या माणसाला घेऊन धावपळ करावी लागली असती. ज्यांचे पालक नोकरीत आहेत त्यांनी एवढी एक गोष्ट धडधाकट काळातच पाहून ठेवावी. शिक्षणाच्या दाव्यातून दुसऱ्या हप्त्याचा अर्धा भाग भरला गेला.

उरलेल्या अर्ध्या भागासाठी प्राचार्यांना भेटलो. तोंडी विनंतीला तोंडी होकार मिळतो आणि तो लेखा विभागाच्या खिडकीपर्यंत पोहोचत नाही, असे वरच्या वर्गातील मुलांनी सांगितले होते. म्हणून हप्त्यांच्या तारखा स्वतःच सुचवणारा अर्ज आणि आईच्या सहीचे हमीपत्र घेऊन गेलो. प्राचार्यांनी एक तारीख बदलून सही केली, आणि शिक्का मारलेली प्रत मी वर्षभर दप्तरात ठेवली. ती दाखवावी लागलीच.

विद्यापीठाची कमवा व शिका योजना आमच्या महाविद्यालयात राबवली जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेल्या कल्पनेवर ती उभी आहे. मला ग्रंथालयात रोज काही तासांचे काम मिळाले. मानधन तासावर ठरते आणि हजेरीपत्रक वर गेल्यावर मिळते, त्यामुळे तातडीच्या गरजेला ते उपयोगी पडत नाही, पण महिन्याचा किरकोळ खर्च त्यातून भागतो. अभ्यासाच्या वेळेला थोडी झळ बसते हे खरे आहे.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते धर्मादाय न्यासांकडून. महाराष्ट्रात शिक्षणासाठी मदत करणारे नोंदणीकृत न्यास पुष्कळ आहेत. काही ज्ञातींचे, काही एखाद्याच्या स्मरणार्थ स्थापलेले, काही उद्योगसमूहांचे. पुण्यात 1955 पासून ग्रामीण विद्यार्थ्यांची राहण्याची सोय करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती अनेकांना माहीत असते, पण वसतिगृहाचे प्रवेश वर्षाच्या सुरुवातीला होतात आणि मी मध्येच अडचणीत आलो होतो. न्यासांचेही असेच असते: बहुतेकांचे अर्ज जून ते ऑगस्टमध्ये निघतात, आणि सप्टेंबरनंतर येणाऱ्याला पुढील वर्षी या असे सांगितले जाते. मी ज्या न्यासांना लिहिले त्यांपैकी बहुतेकांकडून हेच उत्तर आले आणि काहींकडून तेही आले नाही. एका लहान न्यासाने मात्र मुलाखतीला बोलावले. समोर तीन निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी दुखण्याबद्दल थोडेच विचारले. यंदा आम्ही दिले तर पुढच्या वर्षाचे काय, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. मी तारखांचा तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि प्रत्येक भागापुढे कोणाची मदत मिळाली, कोणाची अपेक्षित आहे, हे दाखवले. माझ्या समजुतीप्रमाणे होकार मिळाला तो या कागदामुळे. आपण दिलेला पैसा अर्धवट सुटलेल्या शिक्षणावर खर्च होईल, ही भीती देणाऱ्याला असते, आणि ती रास्त आहे.

या न्यासाची मदत परतफेडीची होती. व्याज नाही, कायदेशीर करारही नाही. नोकरी लागल्यावर जमेल तशी रक्कम परत करायची, म्हणजे ती दुसऱ्या विद्यार्थ्याला देता येते. धनादेश महाविद्यालयाच्या नावाने निघाला आणि दर सत्राची गुणपत्रिका पाठवण्याची अट होती. काही मित्रांना परतफेडीची मदत कमी प्रतीची वाटली. मला ती अधिक सोयीची वाटली, कारण मागताना मान खाली घालावी लागली नाही.

शेवटच्या वर्षासाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज केला. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेनुसार 4 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. अभ्यासक्रमाच्या मध्येही कर्ज मागता येते. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेची तेव्हा बरीच चर्चा होती, पण ती शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीनुसार निवडलेल्या संस्थांनाच लागू आहे आणि आमचे महाविद्यालय त्या यादीत नव्हते. ज्या शाखेत गेलो तेथील अधिकाऱ्यांनी वडिलांचे उत्पन्न बंद असल्याचे कारण देऊन तोंडी नकार दिला. मी नकार लेखी द्यावा अशी नम्रपणे विनंती केली, तेव्हा अर्ज ठेवून घेतला गेला. आई सहकर्जदार झाली. तिच्या नावावर शेतीचा लहान तुकडा आहे, पण तो तारण ठेवावा लागला नाही. मंजुरी उन्हाळ्याच्या सुटीत आली.

एप्रिल 2025 मध्ये, नवे आर्थिक वर्ष लागताच, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पुन्हा अर्ज केला. या वेळी दाखल्यातील आकडा 8 लाखांच्या बराच खाली होता. शाहू महाराज शिष्यवृत्तीसाठी कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश, अधिवास प्रमाणपत्र आणि कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ, या अटी मी पूर्ण करत होतो. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचाही अर्ज, आईच्या नावावरील जमिनीचा दाखला जोडून, केला. येथे एका तांत्रिक बाबीकडे लक्ष वेधतो. बँक खाते आधारशी जोडलेले असणे आणि थेट लाभ जमा होण्यासाठी तेच खाते एनपीसीआयकडे (बँकांमधील पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) आधारशी सक्रिय असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बँकेत सर्वांत शेवटी ही नोंद झाली असेल तेथे पैसे जातात. माझी नोंद शाळेत असताना उघडलेल्या, वापरात नसलेल्या खात्याशी होती. आधारच्या संकेतस्थळावर ही स्थिती पाहता येते, आणि अर्जापूर्वी ती पाहिल्यामुळे नोंद वेळेत बदलून घेता आली.

शिष्यवृत्तीतून शेवटच्या वर्षाचे निम्मे शिक्षण शुल्क सुटले. त्यामुळे मंजूर कर्जापैकी फक्त पहिल्या सत्राची रक्कम उचलली आणि दुसऱ्या सत्राची नको असल्याचे पत्र शाखेत देऊन त्याची पोच घेतली.